तारा बसवाव्यात की पारदर्शक साचे घालावेत?

 

आजचा विषय आहे दात. तेही पोराबाळांचे नाहीत, आपले स्वतःचे. बचत गटांच्या बैठका घेत मी गावोगाव फिरते. बैठक संपते, वहीवर सह्या होतात, सतरंजी गुंडाळायला घेतली की कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "ताई, मोबाईलवर दाखवतात ते दातावर घालायचं प्लास्टिक खरंच चालतं का हो? का तारा लावलेल्या बऱ्या?" विचारणारीचं वय तीस, पस्तीस, कधी बेचाळीस. आवाज अगदी हळू. पोरगी दहावीला गेली आणि आई दात सरळ करायचं म्हणते, हे कुणी ऐकलं तर हसतील ही भीती. असे हळूच विचारलेले प्रश्न साठत गेले. मग मी दातांच्या दोन डॉक्टरांशी बोलले, आमच्याच गटांतल्या दोघींना सगळं खोदून खोदून विचारलं, आणि आज ते तुमच्यापुढे मांडते आहे.

आधी वयाचं बोलू. दात हाडात सिमेंटनं गच्च बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. दातावर हलका पण सतत दाब ठेवला, की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड हळूहळू विरघळतं आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवं हाड भरतं. असा दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. पंधराव्या वर्षी सरकतो तसा पंचेचाळिसाव्या वर्षीही सरकतो. फरक एवढाच, की मोठ्या माणसाच्या जबड्याची वाढ संपलेली असते. जबडाच खूप पुढे किंवा मागे असेल तर तारांनीही तो हलत नाही आणि साच्यांनीही नाही. त्याला शस्त्रक्रिया लागते, किंवा जेवढं होतं तेवढ्यावर समाधान मानावं लागतं. ही गोष्ट डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवी.

मोठेपणी दुसरा प्रश्न येतो हिरड्यांचा, आणि माझ्या मते आपल्याकडे खरा प्रश्न हाच आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासायची पूड नव्हे, हे मी बैठकीत सांगते तेव्हा बाया हसतात आणि पदराआड डबी सरकवतात. तंबाखूनं हिरड्या खराब होतात. शिवाय बाळंतपणाच्या काळात हिरड्या सुजतात, साखरेचा आजार ताब्यात नसला तर आणखी बिघडतात. हिरडीखाली घाण साठून आतलं हाड झिजलेलं असेल आणि त्यातच दात ढकलायला सुरुवात केली, तर सरळ व्हायचा दात हलायला लागतो.

आमच्या एका गटातल्या बँक सखीचं उदाहरण सांगते. वय ३४. खालचे पुढचे दात एकावर एक चढलेले, वरचा एक सुळा बाहेर आलेला. एक दाढ दहा वर्षांपूर्वी काढलेली, आणि तिची जागा मोकळी राहिल्यामुळे शेजारची दाढ त्या खड्ड्यात कललेली. बँकेत, पंचायतीत, लोकांसमोर बोलायचं काम, आणि ही बोलताना तोंडावर पदर धरायची. ती ठरवून गेली होती की जाहिरातीतले न दिसणारे साचे घ्यायचे. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, तारा आणि साचे दोन्ही बाजूला ठेवा, आधी मिश्री बंद आणि हिरड्यांचे उपचार. तीन महिने गेले त्यात. घरात सासूबाई म्हणायच्या, "दात सरळ करायला गेली आणि नुसते साफ करून आली." पण ते तीन महिने काढले नसते तर पुढचं सगळं वाया गेलं असतं. तुम्ही गेलात आणि डॉक्टरांनी हिरड्या न बघता, एक्स-रे न काढता लगेच माप घ्यायला सुरुवात केली, तर उठून या. गरोदर असाल तर ते आधी सांगा. हाडं ठिसूळ झाल्याची औषधं चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यातल्या काही औषधांमुळे दात सरकण्यात अडचण येते.

आता ही दोन साधनं काय आहेत ते बघू. तारा आपण पाहिलेल्या आहेत. प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला एक छोटा ठोकळा चिकटवतात, त्याला ब्रॅकेट म्हणतात. त्या सगळ्यांतून एक तार ओवतात आणि बारीक रबरांनी बांधतात. ठोकळा धातूचा असतो, नाहीतर दाताच्या रंगाचा सिरॅमिकचा. दर चार ते सहा आठवड्यांनी जाऊन तार बदलायची किंवा घट्ट करायची. साधारण दीड ते दोन वर्षं चालतं, केस अवघड असेल तर जास्त.

साच्यांना अलाइनर म्हणतात. दातांचं माप किंवा तोंडातला स्कॅन घेऊन, दात कुठून कुठे न्यायचे हे संगणकावर आखतात आणि त्याप्रमाणे पारदर्शक प्लास्टिकच्या जोड्यांची मालिका तयार होते. प्रत्येक जोडी आधीच्यापेक्षा किंचित वेगळी. एक जोडी आठ-पंधरा दिवस घालायची, मग पुढची. हे तंत्र तसं नवंच. ज्या अमेरिकी कंपनीनं ते बाजारात आणलं ती १९९७ साली सुरू झाली. तारांना तर शंभराहून जास्त वर्षं झाली. जाहिरातीत सांगत नाहीत अशी एक गोष्ट म्हणजे, साच्याची पकड बसावी म्हणून बऱ्याच जणींच्या दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतात. म्हणजे अगदी काहीच दिसत नाही असं नसतं. पण तारांइतकं दिसत नाही, हे खरं.

दोन्हीत पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात. तारांनी गालाला, ओठाला फोड येतात. त्यावर लावायला डॉक्टर मेण देतात. साच्यांनी सुरुवातीला बोबडं बोलल्यासारखं होतं. भजनी मंडळातल्या बायांनी मला खास विचारलं होतं म्हणून सांगते, आठवडाभरात जीभ सरावते.

आता खरी मेख. साचे दिवसाचे २० ते २२ तास तोंडात राहावे लागतात. २४ तासांतून २२ गेले, उरले २. या दोन तासांत जेवण, नाश्ता, चहा आणि दात घासणं, सगळं बसवायचं. साचा तोंडात असताना पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. गरम चहानं प्लास्टिक वाकतं, पिवळं पडतं, आणि साखरेचा चहा साच्याखाली अडकून राहिला की दाताला कीड लागते. काही खाल्लं-प्यालं की चूळ भरून, जमलं तर दात घासून मगच साचा परत घालायचा.

आता आपला दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे उठल्यावर चहा. धार काढून आल्यावर नवऱ्याबरोबर अर्धा कप. न्याहारी. रानात गेल्यावर दहा वाजता भाकरी. दुपारी कुणी पाहुणं आलं की चहा. आमची बँक सखी तर दिवसाला सहा-सात घरं फिरते आणि प्रत्येक घरात कप पुढे येतो. नको म्हणावं तर माणसं म्हणतात, मोठी झाली आता ही. तिनं एक दिवस वहीत लिहून काढलं, कितीदा तोंडात काय गेलं. अकरा वेळा. अकरा वेळा साचा काढायचा, डबीत ठेवायचा, चूळ भरायची, परत घालायचा. एकेका वेळी वीस मिनिटं धरली तरी साडेतीन तासांच्या वर गेलं. एकादशीला खाणं कमी म्हणून बरं पडेल असं तिला वाटलं होतं, पण त्या दिवशी चहाच दुप्पट होतो!

तास भरले नाहीत की दात ठरल्याप्रमाणे सरकत नाहीत. पुढची जोडी बसत नाही, मग पुन्हा स्कॅन, पुन्हा नवे साचे, महिने वाढतात. तारा मात्र दाताला चिकटलेल्या असतात. तुम्ही विसरलात, थकलात, लग्नघरी गेलात, तरी त्या आपलं काम करत राहतात. म्हणून तिनं धातूच्या तारा घेतल्या. दिसतात त्या. पहिल्या महिन्यात पोरं "मावशी शाळेत जायला लागली का" म्हणून चिडवत होती. मग सवय झाली, तिलाही आणि गावालाही.

पण तारांचीही किंमत मोजावी लागते आणि ती स्वयंपाकघरात मोजावी लागते. ऊस दातांनी सोलायचा नाही. चिक्की, खारीक, सुपारी, कडक शेंगदाणे बंद. कणसाचे दाणे काढून खायचे, पेरू फोडी करून, आणि भाकरी आमटीत भिजवून. नाहीतर ठोकळा निखळतो. दर जेवणानंतर उजेडात आरसा घेऊन, बारीक ब्रशनं ठोकळ्यांच्या भोवती साफ करावं लागतं. आमची हळद रबरांना इतकी धरते की पांढरी रबरं पहिल्याच रस्स्यात पिवळी होतात. त्यामुळे रबरं करड्या किंवा गडद रंगाची मागा. आणि सफाईत आळस केला तर तारा काढल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात, ते जात नाहीत.

सफाईच्या बाबतीत साचे सरस आहेत, हे मान्य केलं पाहिजे. काढले, नेहमीसारखे दात घासले, झालं. ज्यांच्या हिरड्या नाजूक आहेत त्यांना डॉक्टर कधी कधी याच कारणानं साचे सुचवतात. दुसरी जी मैत्रीण मी म्हणाले, ती ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी परिचारिका आहे. लहानपणी तारा लावल्या होत्या, पुढे काळजी घेतली नाही आणि समोरच्या दोन दातांत परत फट पडली. तिचं काम थोडं होतं. ड्युटीच्या वेळा ठरलेल्या, चहा दिवसातून दोनदाच, आणि घड्याळाप्रमाणे वागायची सवय. तिनं साचे घेतले आणि आठ महिन्यांत मोकळी झाली. एकदाच गोंधळ झाला. जेवताना साचा काढून कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि जावेनं खरकट्याबरोबर तो उकिरड्यावर टाकला. तिनं आधीची जोडी जपून ठेवलेली होती, ती घातली आणि डॉक्टरांना फोन केला. साच्याला डबी म्हणजे डबीच हवी, आणि ती कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशी वर ठेवायची. कुत्री हे प्लास्टिक आवडीनं चावतात.

तर थोडी फट, थोडी दाटी, लहानपणी सरळ केलेले दात पुन्हा हललेले, अशा कामाला साचे चांगले. दाढ काढून मोठी जागा मिटवायची असेल, गोल फिरलेला सुळा किंवा उपदाढ सरळ करायची असेल, आत दबलेला दात खाली ओढायचा असेल, तिथे तारांची पकड पक्की. मुरलेले डॉक्टर साच्यांनीही बरंच अवघड काम करतात, नाही असं नाही. पण तसा डॉक्टर तुमच्या तालुक्याला आहे का, हे बघावं लागेल.

मुरलेला म्हणजे कोण? बीडीएस ही दातांच्या डॉक्टरांची पदवी. त्यावर आणखी तीन वर्षं शिकून एमडीएस होतात, आणि त्यात दात सरळ करण्याचा वेगळा विषय असतो, ऑर्थोडॉन्टिक्स. पाटीवर ते बघा. नसेल तर विचारा, विचारण्यात लाज नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथं शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हेच काम खासगीपेक्षा कितीतरी कमी पैशांत करतात. रांग मोठी असते आणि वेळ लागतो, पण जवळपास राहणाऱ्यांनी तिथं आधी जाऊन यावं.

आणि डॉक्टरला न भेटता, मोबाईलवर मागवून, घरीच माप घेऊन जे साचे येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हिरडी कोण बघणार? एक्स-रे कोण काढणार? अमेरिकेत स्माइल डायरेक्ट क्लब नावाची मोठी कंपनी अशीच पोस्टानं साचे पाठवायची. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली. लोकांचे उपचार अर्धवट राहिले, आणि ज्यांनी हप्त्यांवर घेतले होते त्यांना सांगण्यात आलं की हप्ते भरत राहा. दात अर्ध्या वाटेवर आणि हप्ता चालू! आपण बचत गटातल्या बाया, हप्ता म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पैशांचं बोलायला हवंच. मी चौकशी केली तेव्हा आपल्या भागात धातूच्या तारांचा खर्च साधारण २५ ते ५० हजार सांगितला गेला, सिरॅमिकच्या त्याहून जास्त. साच्यांचा साठ-सत्तर हजारांपासून दोन-अडीच लाखांपर्यंत. त्यात जाण्यायेण्याचा हिशोब धरा. तारांसाठी दीड-दोन वर्षांत पंधरा-वीस खेपा होतात. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण दिवसाची मजुरी बुडते ती कोण देणार? साच्यांना डॉक्टर तीन-चार जोड्या एकदम देतात, दोन महिन्यांनी गेलं तरी चालतं. ज्यांचं गाव लांब आहे त्यांनी हा फरक जरूर मोजावा. ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनी दिवाळीच्या तोंडावर तारा बसवू नयेत. फडावर तार टोचली तर धावत जायला डॉक्टर नाही, आणि पाच-सहा महिने कुणी बघितलं नाही तर तारा दात भलतीकडे नेतात.

बँक सखीनं गटाकडे ४० हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं तेव्हा बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. एक म्हणाली, "नटायला कर्ज द्यायचं असेल तर माझी बचत परत द्या." दुसरी म्हणाली, "मागल्या साली मांडवाला दिलं, बँडाला दिलं, ते काय होतं?" दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, आणि वेडेवाकडे दात नीट घासले जात नाहीत, कीड लागते, हे खरं आहे. पण मी तिथंच म्हणाले ते इथंही म्हणते. एखादीला नुसतं पदर न धरता हसायचं असेल, तरी मला ते कारण पुरेसं वाटतं. गटानं बघायचं ते एवढंच, की फेड होईल का.

फेडीचा हिशोब आम्ही फळ्यावर मांडला. ४० हजार, महिना शेकडा २ रुपये, वीस हप्ते, तर व्याज होतं ८,४००. मग तिला म्हटलं, डॉक्टरांना विचारून ये, सगळे पैसे एकदम लागतात का? नव्हते लागत. सुरुवातीला १५ हजार आणि उरलेले दर भेटीला दीड हजार. मग गटाकडून फक्त १५ हजार घेतले, दहा हप्त्यांत, आणि व्याज झालं १,६५०. पहिले दहा महिने ओढाताण आहेच, गटाचा हप्ता आणि डॉक्टरांचे मिळून महिना तीन हजारांच्या वर जातात. पण पावणेसात हजार वाचले, आणि काम चालू असताना पैसे देत गेल्यामुळे डॉक्टरही वेळेवर बोलावतात. साच्यांचे पैसे बहुतेक ठिकाणी आधीच मागतात, कारण साचे बनवून घ्यावे लागतात. तिथं ही सोय मिळेलच असं नाही.

शेवटचं, जे बहुतेकींना कुणी सांगत नाही. तारा निघाल्या किंवा शेवटची जोडी संपली, की काम संपत नाही. दातांना जुन्या जागेची ओढ असते. त्यांना धरून ठेवायला रिटेनर लागतो. एक तर रात्री घालायचा साचा, नाहीतर दातांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक तार. सुरुवातीचे काही महिने जवळजवळ दिवसभर, मग रात्री, आणि तेही वर्षानुवर्षं. परिचारिका मैत्रिणीच्या दातांत परत फट पडली ती रिटेनर पेटीत पडून राहिला म्हणून. तो झिजतो, तडकतो, नवा करावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

म्हणून माप द्यायच्या आधी डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या. एकूण रक्कम किती, त्यात एक्स-रे आणि हिरड्यांची सफाई धरली आहे का, ठोकळा निखळला किंवा साचा हरवला तर किती, पुन्हा स्कॅन लागला तर पैसे कुणाचे, रिटेनर त्यातच आहे की वेगळा, आणि रविवारी तार टोचली तर फोन कुणाला करायचा. खाली तारीख आणि सही-शिक्का. कर्जाच्या अर्जाला जोडायला तोच कागद लागतो.